रिकाम्या कार्ट्रिज गोळा करून गरजू पेशंटला मदत: कोकणात हे काम सुरू करायचं असेल तर

आमच्या सिंधुदुर्गात मोठं दुखणं आलं की बांबोळी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, हे ठरलेलंच. कुडाळ असो, सावंतवाडी असो, दोडामार्ग असो, माणूस तिकडेच धावतो. जायचं-यायचं गाडीभाडं, सोबत आलेल्या माणसाचं चहापाणी आणि जेवण, बुडालेली मजुरी, ह्याचा हिशोब कुणी धरत नाही आणि गरिबाचं घर नेमकं तिथेच खचतं. अशा पेशंटना फक्त प्रवासखर्च देणारी एक छोटी नोंदणीकृत संस्था आमच्या भागात आहे, तिच्यासाठी आम्ही काही जण प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिज गोळा करतो. रत्नागिरीकडून, दापोलीकडून, मालवणातून बरेच जण विचारतात की आम्हालापण करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण ही वाचा. आधी घेणारा ठरवायचा, मग गोळा करायचं. लोक उलटं करतात, उत्साहात झेरॉक्सवाल्यांकडे खोके ठेवतात, दोन महिन्यात घराची पडवी भरते आणि मग शोधत बसतात की आता हे द्यायचं कुणाला. तोवर निम्म्या कार्ट्रिज सुकून कामातून गेलेल्या असतात. घेणारा कोण, तो कुठले मॉडेल घेतो, कुठल्या अवस्थेत घेतो, पैसे देतो की नुसतं फुकट नेतो, हे हातात आल्याशिवाय एकही कार्ट्रिज उचलू नका.

आता कार्ट्रिज म्हणजे नेमकं काय काय येतं ते बघू, कारण पैसे कशाला मिळतात आणि कशाला नाही ते इथेच ठरतं.

एक म्हणजे शाईवाली, इंकजेटची. एचपी ८०३, ६८०, ६७८ किंवा कॅनॉनची ७४५-७४६ ह्या छोट्या चौकोनी कार्ट्रिज, ज्यांना खाली सोनेरी-तपकिरी पट्टी आणि मागे तांब्याचे ठिपके असतात. ह्यांचं प्रिंटहेड कार्ट्रिजमध्येच असतं, म्हणजे शाई फवारणारी बारीक भोकं तिच्यातच, म्हणून शाई भरली की ती परत चालू शकते आणि म्हणून तिला किंमत आहे. काही प्रिंटरात प्रिंटहेड मशिनात असतं आणि कार्ट्रिज म्हणजे नुसती शाईची डबी आणि वर एक चिप, तिला फारसं कुणी विचारत नाही. आणि हल्ली घराघरात जे बाटलीने शाई ओतायचे इंक टँक प्रिंटर आलेत त्यात कार्ट्रिज फेकायचा प्रश्नच येत नाही, रिकाम्या बाटल्या म्हणजे साधं प्लास्टिक. चांगलीच गोष्ट आहे ती, कचरा कमी झाला, पण गोळा करणाऱ्यांनी हे धरून चालायचं की घरगुती कार्ट्रिज आता पूर्वीसारख्या निघत नाहीत.

दुसरी टोनर, लेझर प्रिंटरची लांबडी काळी कार्ट्रिज. आपल्याकडे ऑफिसात सगळ्यात जास्त दिसणार ती एचपीची १२ए, ८८ए आणि कॅनॉनची ३०३. कॅनॉनचा एलबीपी २९००बी प्रिंटर नाही असं आपले सरकार सेवा केंद्र मी तरी बघितलं नाही, त्यात ही ३०३ बसते आणि तिची बॉडी एचपीच्या १२ए सारखीच असते. आत पावडर असते, ती म्हणजे बारीक दळलेलं प्लास्टिक आणि काळा रंग, मशिनात गरम रोलरखाली ती वितळून कागदाला चिकटते. शिवाय आत ड्रम (ज्यावर आधी छपाईची आकृती उमटते तो गोल रूळ), ब्लेड, चार्ज रोलर, मॅग्नेटिक रोलर असा सगळा कारभार असतो आणि वापरलेली वाया पावडर साठायला वेगळा कप्पा असतो. ब्रदरच्या मशिनांना टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा येतो, तिथे दोन्ही मागून घ्यायचे.

आणि तिसरा भेद सगळ्यात महत्त्वाचा, ओरिजिनल की कम्पॅटिबल (म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेली, त्याच प्रिंटरला बसणारी), आणि ओरिजिनल असली तर आधी कुणी उघडून भरली आहे का. कंपनीची, एकदाच वापरलेली, कधीच न उघडलेली कार्ट्रिज ह्या धंद्यात व्हर्जिन म्हणून ओळखली जाते आणि पैसे मुख्यतः तिलाच आहेत. कारण समजून घ्या, कार्ट्रिजमध्ये धातू अगदी थोडा, बहुतेक सगळं मिश्र प्लास्टिक, त्यामुळे तोडून विकली तर तिला भंगाराचीसुद्धा धड किंमत येत नाही. किंमत आहे ती तिचं शरीर शाबूत असण्याला, कारण ते शरीर परत वापरता येतं. म्हणून पडलेली, फुटलेली, ड्रमवर ओरखडा गेलेली, चिप काढून घेतलेली कार्ट्रिज आणली तर त्यात पेशंटच्या भाड्याचा एक रुपयाही निघत नाही. उघडलेली कशी ओळखायची तर टोनरच्या बाजूचे स्क्रू किंवा पिना बघा, त्यावर पेचकसाचे ओरखडे असतात, बाजूला भोक पाडून टेप किंवा बूच लावलेलं असतं, शाईवालीचं वरचं लेबल सोलून परत चिकटवलेलं असतं.

आता घेणारा.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे कंपन्यांच्या स्वतःच्या परत घेण्याच्या योजना. कॅनॉनने टोनर कार्ट्रिज परत घ्यायला १९९० मध्ये सुरुवात केली, एचपीची प्लॅनेट पार्टनर्स १९९१ पासून आहे आणि ती भारतातही चालते. ह्यात पैसे मिळत नाहीत, पण वस्तू योग्य जागी जाते ह्याची खात्री असते. एचपी परत आलेल्या कार्ट्रिज भरून विकत नाही, त्यांचं प्लास्टिक दळून त्यात पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक वगैरे मिसळून परत नवीन कार्ट्रिज बनवते. तुमच्याकडे ज्या कार्ट्रिजला कुणी पैसे देणार नाही अशा ओरिजिनल कार्ट्रिजसाठी ही वाट धरा. कुठली मॉडेल घेतात, किती नग जमले की न्यायला गाडी येते हे कंपनीच्या साईटवर भारत निवडून बघायचं, इतर देशांची माहिती वाचून गोंधळ करून घ्यायचा नाही.

दुसरी वाट पैसे देणाऱ्याची, म्हणजे कार्ट्रिज तपासून, साफ करून, नवीन पार्ट घालून परत विकणारे किंवा रिसायकल करणारे. परदेशात धर्मादाय कामाचं हे गणित जुनं आहे, ऑस्ट्रेलियात प्लॅनेट आर्क ही संस्था २००३ पासून देशभर कार्ट्रिज गोळा करते, इंग्लंडात कितीतरी संस्था रिकाम्या कार्ट्रिजवर थोडेफार पैसे उभे करतात. आपल्याकडे असा तयार पाईप नाही, तो आपण जोडायचा. मुंबई, नवी मुंबई, पुण्याकडे घेणारे आहेत, पण नोंदणी बघितल्याशिवाय कुणालाही माल द्यायचा नाही, ह्यावर मी हटून आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि त्यांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसकट धरलेला आहे. म्हणजे संपलेली कार्ट्रिज हा साधा कचरा नाही, ई-कचरा आहे, आणि तो हाताळणाऱ्या रिसायकलर, रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. समोरच्याकडून नोंदणीच्या कागदाची कॉपी मागा, त्यावरचं नाव-पत्ता पोर्टलवर पडताळून बघा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ऑफिसं रत्नागिरीला आणि चिपळूणला आहेत, शंका असली तर तिथे जाऊन विचारा. जो कागद दाखवायला टाळाटाळ करतो तो तुमचा माल उघड्यावर फोडून उरलेलं जाळणार नाही ह्याची काय खात्री.

रेट नेहमी लेखी घ्या, मॉडेलप्रमाणे, नगावर. व्हर्जिनला काय, आधी रिफिल केलेलीला काय, तुटकी आली तर परत पाठवणार की तिथेच विल्हेवाट लावणार, गाडीभाडं कुणाचं, हे सगळं त्या एकाच कागदावर. रेट वरखाली होत असतात, जुनी मॉडेल बंद पडत जातात, म्हणून दर खेपेला आधी नवा कागद मागवायचा. आणि घरच्यांना, मित्रांना मोठी स्वप्नं दाखवू नका, एका खोक्यातून कुणाचं ऑपरेशन होत नाही. पण कुडाळहून बांबोळीला चार पेशंटचं येण्याजाण्याचं भाडं निघालं तरी ते चार घरांना पुरतं, आणि त्यासाठी कुणाच्या खिशातून काही जात नाही.

गोळा कुठून करायचं हे जरा विचार करून ठरवा. घरोघर फिरण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या ठिकाणी तहसीलदार ऑफिसच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं, आपले सरकार सेवा केंद्रं, फोटो स्टुडिओ, पतसंस्था, वकील, सीए, शाळा-कॉलेजची ऑफिसं, पॅथॉलॉजी लॅब, बऱ्यापैकी चालणारे लॉज, एवढ्यांत काम होतं. १२ए मध्ये कंपनीच्या हिशोबाने साधारण २००० पानं निघतात, ८८ए मध्ये १५००, आणि शाईवाल्या काळ्या ८०३ मध्ये दोनशेच्याही आत, त्यावरून दुकानदाराला दिवसाची पानं विचारलीत की त्याच्याकडून महिन्याला काय मिळेल ते तुमचं तुम्हाला कळतं. सीझन लक्षात ठेवा, मार्चअखेरला पतसंस्था आणि सीए, आणि दहावी-बारावीचा निकाल लागला की जून-जुलैत दाखल्यांची झुंबड, डोमिसाईल, उत्पन्न, नॉन क्रीमीलेअर, तेव्हा सेवा केंद्रांचे प्रिंटर थांबत नाहीत.

दुकानात जाऊन भाषण द्यायची गरज नसते. आमच्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्या काकांना सांगायला गेलो तर त्यांनी अर्धं ऐकूनच कपाट उघडलं, म्हणाले, "न्हेवा हो सगळा, हयसर नुसती अडचण झाली हा." बहुतेक ठिकाणी असंच होतं. फक्त त्यांना दोन गोष्टी नक्की सांगा. एक, ज्या टोनरमध्ये तुम्ही अजून पावडर भरून घेता तो आम्हाला देऊ नका, तो वापरत राहा, कारण जिथे आहे तिथेच परत वापरला जाणं ह्यापेक्षा चांगलं रिसायकलिंग नाही. रिफिलिंगवाल्याच्या पोटावर पाय आणायला आपण निघालेलो नाही. दोन, शाईवाली कार्ट्रिज पूर्ण कोरडी होईपर्यंत ओढू नका. छपाई फिकी पडली, रेघा यायला लागल्या की काढा. ह्या कार्ट्रिजच्या आत शाई तापवून उडवणारे बारीक हीटर असतात आणि शाईच त्यांना थंड ठेवते, कोरडं छापत राहिलं की ते जळतात आणि मग कार्ट्रिज परत भरण्याच्या लायकीची राहत नाही.

सरकारी ऑफिस, बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत सांभाळून. तिथला शिपाई ओळखीचा आहे म्हणून पिशवी भरून आणायची नाही. सरकारी वस्तूची नोंद असते, ती तशी बाहेर जात नाही, साहेबांच्या नावे पत्र द्या आणि लेखी उत्तर घ्या. आणि ज्या संस्थेकडे यादीतली १००० किंवा जास्त उपकरणं वापरात असतात तिला नियमाप्रमाणे ई-कचरा नोंदणीकृत जागीच द्यावा लागतो, त्यामुळे मोठ्या बँकेची शाखा नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांचं बरोबर आहे.

साठवण हा कोकणातला सगळ्यात अवघड भाग, इथे जरा जास्त सांगते. घाटावरची माणसं कार्ट्रिज कपाटात टाकून सहा महिने विसरू शकतात, आपल्याकडे नाही. पावसाळ्याच्या दमटपणात पावडरीच्या गुठळ्या होतात, कार्ट्रिजच्या तांब्याच्या ठिपक्यांवर हिरवट थर धरतो, किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने रोलरच्या दांड्या गंजतात, पुठ्ठ्याला बुरशी येते. आणि उन्हाळ्यात माळ्यावर कौलांखाली ठेवलीत तर शाई सुकून भोकं बंद. म्हणून जमिनीवर नाही, माळ्यावर नाही, आतल्या खोलीत लाकडी फळीवर किंवा रॅकवर, भिंतीला न टेकवता ठेवायचं.

आणि कशात ठेवायचं तर ज्या पिशवीतून नवीन कार्ट्रिज आली त्याच पिशवीत जुनी. हा एक नियम दुकानदाराने पाळला तर तुमचं निम्मं काम झालं. टोनरबरोबर येणारी काळी किंवा चंदेरी पिशवी उजेड आणि दमट हवा दोन्ही अडवते, ड्रमवर उजेड पडून चालत नाही. शाईवालीबरोबर कधी कधी नारिंगी किंवा काळं झाकण येतं, तेच परत बसवायचं. नसेल तर छोट्या झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद करायची. भोकांच्या पट्टीला आणि तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावायचं नाही. तरीही शाईवाल्या शक्यतो महिना-दीड महिन्यात पुढे पाठवाव्यात, टोनर जरा जास्त थांबू शकतात.

टोनर हाताळताना हलवून "अजून आहे का" बघायची सवय असते सगळ्यांना, ती मोडा. पावडर सांडली तर केरसुणी मारू नका, घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, इतकी बारीक पूड त्याच्या फिल्टरातून आरपार जाऊन खोलीभर उडते आणि आत ठिणगी पडायचा धोका वेगळा. खिडकी उघडून, पंखा बंद करून, ओल्या फडक्याने अलगद टिपायचं. हातावर, कपड्यावर पडली तर आधी कोरडीच झटका, मग गार पाणी. गरम पाणी घेतलंत तर ते प्लास्टिक वितळून डाग कायमचा बसतो. तोंडाला साधा मास्क लावा, दम्याच्या माणसाने आणि लहान पोरांनी ह्या कामात हात घालू नये. आणि कुठलीही कार्ट्रिज घरी उघडायची नाही, "साफ करून देतो" म्हणून धुवायची नाही. उघडली की तिची किंमतही गेली आणि तुम्ही नियमाच्या बाहेरही गेलात.

जाळायची तर बातच नको. हे मुद्दाम लिहिते कारण आपल्याकडे मे महिन्यात भाजावळ लागते, म्हणजे भातरोपांच्या जमिनीवर पालापाचोळा आणि कवळ (तोडलेल्या फांद्या) पेटवतात त्यात घरातलं नको ते प्लास्टिकही जातं. टोनर आगीत टाकला तर आतली पूड भडका घेते, धूर विषारी, आणि ती राख पुढे तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या जमिनीत.

एकदा पुरेसा माल जमला की वर्गवारी करा. मॉडेलप्रमाणे ढीग, त्यात व्हर्जिन वेगळी, रिफिल केलेली वेगळी, तुटकी वेगळी, आणि वहीत किंवा मोबाईलवर नोंद, कुणाकडून किती नग, कुठलं मॉडेल. खोक्यांची चिंता आपल्याला नाही, हापूसचा सीझन संपला की आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके घराघरात पडलेले असतात, मजबूत असतात, हवेची भोकं आतून कागद लावून बंद करायची, टोनर आडवे एका थरात आणि मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. वरून "प्रिंटर कार्ट्रिज, आडवे ठेवा" असं मार्करने लिहा.

इथे एक सूचना फार कुणी देत नाही. कार्ट्रिजबरोबर कंपनीचं बाहेरचं छापील खोकं चांगल्या स्थितीत कुणी मागत असेल, त्याला जास्त पैसे देऊ करत असेल, तर तिथून उठा. न उघडलेली रिकामी कार्ट्रिज आणि शाबूत खोकं, एवढ्यावर नकली "ओरिजिनल" तयार होतात आणि ती परत आपल्याच तालुक्यातल्या दुकानदाराच्या गळ्यात मारली जातात. म्हणून बाहेरचं खोकं फाडून, होलोग्रामवर काट मारून रद्दीत घाला, आतली पिशवी तेवढी कार्ट्रिजसोबत ठेवा.

पाठवायला कोकणात वाटा बऱ्याच आहेत. मुंबईला रोज रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स पार्सल घेतात, एसटीची पार्सल सेवा आहे, माल जास्त असला तर कोकण रेल्वेचं पार्सल. पण सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे गणपतीला आलेले चाकरमानी. येताना गाडी भरून येते, जातानाही नारळ-तांदूळ असतातच, तरी डिकीत एका खोक्याची जागा निघते आणि कारण सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. घेणाऱ्याशी आधी बोलून ठेवा की ठाण्याला किंवा पनवेलला अमुक ठिकाणाहून तुमचा माणूस उचलेल. खोकं देताना यादीचा फोटो दोघांकडे राहू दे, आणि माल पोचल्यावर घेणाऱ्याकडून किती नग पास झाले, किती बाद, आणि बाद झालेल्यांचं काय केलं ते लेखी मागवा.

पैशाच्या बाबतीत मी फार कडक आहे आणि तुम्हीही राहा. पैसे तुमच्या खात्यावर येऊच देऊ नका. घेणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा की चेक किंवा ट्रान्सफर थेट संस्थेच्या नावाने. त्यासाठी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी, तिचं स्वतःचं बँक खातं हवं, आणि दर वर्षीचा ऑडिट रिपोर्ट ती दाखवू शकायला हवी, हे तुम्ही संस्था निवडतानाच बघायचं. गावातलं वाचनालय असो, शाळेची माजी विद्यार्थी संस्था असो, कासवांच्या अंड्यांची राखण करणारी मंडळी असोत, नियम तोच. पावती संस्थेची, आणि तिची एक कॉपी तुमच्या फाईलला.

मग ज्या ज्या दुकानातून कार्ट्रिज आल्या त्यांना आकडा कळवा, नुसता व्हॉट्सअॅपवर नाही, छोटा कागद प्रिंट करून त्यांच्या काउंटरवर लावा, इतक्या कार्ट्रिज गेल्या, इतके रुपये आले, त्यातून इतक्या पेशंटचं भाडं झालं. पेशंटचं नाव, गाव, फोटो कुठेही घालायचा नाही, लहान गावात दोन शब्दांवरून माणूस ओळखला जातो.

राहिल्या त्या कम्पॅटिबल आणि तुटक्या, ज्यांना ना पैसे ना कंपनीची योजना. त्या परत दुकानदाराच्या दारात टाकायच्या नाहीत आणि ग्रामपंचायतीच्या घंटागाडीतही नाही. पैसे देणाऱ्याबरोबर पहिल्याच कागदावर ठरवून घ्या की तो ह्यासुद्धा चांगल्या मालासोबत फुकट नेईल आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे दिल्याचा दाखला देईल. आम्ही तर ह्याला तयार नसलेल्याला चांगला मालही देत नाही, चार रुपये कमी देणारा पण सगळं नेणारा बरा.